फोन कुणाच्या नावावर

आमच्या घरातला फोन कुलपात असायचा. खोटं नाही सांगत. आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सुताराकडून त्याला सागवानी पेटी करून घेतली होती. रिसिव्हर बाहेर आणि बटणं आत. आलेला फोन कुणीही उचलावा, पण लावायचा म्हटलं की कुलूप काढायला लागायचं, आणि किल्ली आण्णांच्या बंडीच्या खिशात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत तेव्हा दोनच फोन होते, त्यामुळं निम्म्या गल्लीनं आपल्या पाहुण्यारावळ्यांना आमचाच नंबर देऊन ठेवलेला, पुढं 'पीपी', म्हणजे शेजारचा फोन, असं लिहून. कुणाचा फोन आला की आण्णा खिडकीतून हाक मारायचे, मग ते माणूस ओले हात पुसत पळत यायचं आणि पुढच्या सोप्यात आण्णांच्या समोर उभं राहून बोलायचं. आण्णा पेपर वाचत असल्यासारखं करायचे. गल्लीत कुणाच्या पोरीचं जमलं, कुणाचं मोडलं, हे आण्णांना सगळ्यात आधी कळायचं ते असं.

मी ह्या घरात आले पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला, कोडोलीहून. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आण्णा, माझा नवरा आणि मी, एवढीच माणसं. नवरा फौंड्रीत कामाला आणि मी शाहूपुरीत मोटारपंपाच्या एका दुकानात बिलं करायला. पगार झाला की पाकीट न फोडता आण्णांच्या हातात द्यायची. आज हे लिहिताना माझं मलाच थोबाडावंसं वाटतं, पण द्यायची.

कोडोलीत माझ्या माहेरी फोन नव्हता. आई भावाजवळ राहायची, आणि फोन होता दूध संस्थेत. रविवारी सकाळी मी आण्णांना म्हणायची, "आण्णा, कोडोली." ते कुलूप काढायचे. पहिला फोन नुसता निरोपाचा, माझ्या आईला बोलवा म्हणून. तो ठेवायचा. दहा मिनिटांनी दुसरा. तोवर आई पदर सावरत संस्थेत येऊन थांबलेली असायची, आणि तिच्या मागं दुधाच्या किटल्या घेऊन गडीमाणसांची रांग. इकडं आण्णा मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरायचे. तिनं विचारायचं, बरी हायस न्हवं? मी म्हणायचं, बरी हाय, तू? ती म्हणायची, बरं हाय की. मग म्हशीचं, उसाचं, पाऊसपाण्याचं दोन शब्द, आणि तीन मिनिटं व्हायच्या आत आण्णांचा खोकला. की ठेवलाच.

आईनं स्वतः होऊन एकदाही फोन केला नाही. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं मानणारी आमची माणसं. लेकीच्या सासऱ्याच्या फोनवर फोन करून "जरा माझ्या पोरीला बोलवा" म्हणणं तिला त्याहून लाजिरवाणं वाटायचं. फोन त्यांचा हाय बाई, म्हणायची, त्यांनी करू दिला तर तू कर.

लग्नाच्या चौथ्या वर्षी मला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात ते पडलं. त्या रविवारीही आण्णांनी कुलूप काढलं, घड्याळ हातात घेतलं. आईनं विचारलं, आवाज का बसलाय गं? माझ्यासमोर आण्णा, तिच्यामागं कुणीतरी "आवरा की मावशी" म्हणून ओरडत होतं. मी म्हणाले, सर्दी झाल्या. तिनं आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. मी व्हय म्हणाले आणि फोन ठेवला. पुढं दिवाळीला दोन दिवस माहेरी गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि असल्या गोष्टीला वेळ गेल्यावर तोंड फुटत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी फोनवर खाल्ला. मला पोराचं दुःख होतंच, पण आईला सांगता आलं नाही याचा राग त्याच्यापेक्षा मोठा होता, आणि तो वर्षानुवर्षं उतरला नाही.

तुम्ही म्हणाल, गल्लीच्या तोंडाला एसटीडी बूथ नव्हता का? होता की. बूथवाला आण्णांच्या तालमीतला. दोनदा मी तिथनं फोन केला, आणि दोन्ही वेळा मी घरी पोचायच्या आत आण्णांना कळलं होतं की सूनबाई बूथवर उभी होती. दुकानातला फोन मालकांच्या टेबलावर, समोर गिऱ्हाईक. मोबाईल तेव्हा फक्त मालकांच्या कमरेला, आणि त्याला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. शिवाय कुठनंही केला तरी आई उभी असणार दूध संस्थेतच, किटल्यांच्या रांगेत.

तर असं चाललेलं असताना दोन हजार दोन सालचा फुटबॉलचा वर्ल्ड कप आला.

बाहेरच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही, पण आमच्या पेठेत ब्राझील हे गाव कोल्हापूर जिल्ह्यातच आहे असं समजून माणसं बोलतात. भिंतीवर झेंडे रंगतात, चौकात खेळाडूंचे फ्लेक्स लागतात, आणि अर्जेंटिनावाल्या सोयऱ्याशी महिनाभर बोलणं बंद होतं. आण्णा तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होते. डाव्या हाताची करंगळी त्यात कायमची वाकडी झालेली, ती ते पदक दाखवावं तशी दाखवायचे. त्या वर्षी टीव्हीवरच्या एका चॅनेलनं टूम काढली, कोण जिंकणार ते फोन करून सांगा. खाली नंबर फिरत राहायचा. आणि अफवा उठली की शेजारच्या पेठेतली माणसं अर्जेंटिनाला धडाधड फोन लावाय लागल्यात.

झालं. आण्णांनी पेटीचं कुलूप काढलं आणि किल्ली खुंटीला अडकवली.

मी एकदा म्हणाले, आण्णा, तो नंबर जरा बघून लावा, तो कुठल्या गावचा नाही. त्यावर आण्णांनी जे उत्तर दिलं ते पेठेतल्या कुठल्याही माणसानं दिलं असतं. "त्याला कोड कुठं हाय? कोड न्हाय म्हंजे लोकल." आण्णांच्या हिशेबी फोनच्या दोनच जाती. ज्याला गावाचा कोड लावायला लागतो तो महाग, ज्याला लागत नाही तो स्वस्त. उभ्या आयुष्यात त्यांना ह्याला अपवाद भेटला नव्हता. मला भेटला होता, कारण पंपाच्या कंपनीचा एक नंबर आमच्या दुकानात भिंतीवरच लावलेला होता. त्यालाही गावाचा कोड नाही, कुठूनही लावा, पैसे कंपनी भरणार. गावाकडची गिऱ्हाइकं त्याला भ्यायची. फुकट म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार म्हणायची. आणि टीव्हीवरचा नंबर दिसायला तसलाच, पण त्याची पट्टी उलटी. कोल्हापुरातनं दिल्लीला बोललं तरी पडणार नाहीत इतके पैसे मिनिटाला. दोन्ही नंबर बिनगावाचे. एक पदरचं भरणारा, एक खिसा कापणारा. मी हे सांगायला गेले तर आण्णा म्हणाले, तू आपली पंपाची बिलं कर.

मग महिनाभर सोप्यात जत्रा. मॅच दुपारच्या असायच्या. तालमीतली माणसं यायची, फोन फिरवायची, तिकडनं एक बाई हिंदीत सांगायची की कृपया प्रतीक्षा करा, आणि ही माणसं आज्ञाधारकपणे प्रतीक्षा करायची. गाणं वाजत राहायचं. ते गाणं प्रत्येकाला ऐकायला मिळावं म्हणून रिसिव्हर ह्या कानावरून त्या कानावर जायचा. एकेक फोन दहा-दहा मिनिटं. मी सुट्टीच्या दिवशी चहा करून करून दमायची. ब्राझील जिंकलं. पेठेत हलगी वाजली, फटाके उडाले, आणि त्यातलं निम्मं श्रेय आण्णांनी आपल्या फोनला दिलं.

मग बिल आलं. माझ्या दोन पगारांपेक्षा जास्त.

तेव्हा सोप्यात शेजारचे दोघंतिघं बसलेले. आण्णांनी चष्मा लावून आकडा पाहिला, परत पाहिला, आणि मान वर करून सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कोडोली. दर रविवारी कोडोली, कोडोली करून हिनं घर धुऊन नेलं." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणाव्यात तर त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, हे मला आज कळतं. त्यांच्या शास्त्रात कोड फक्त कोडोलीला होता ना. तेव्हा मात्र कानशिलं तापली. त्यांनी जाहीर केलं की आजपासनं कोडोली बंद. माझा नवरा भिंतीला टेकून बसलेला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, जाऊ दे की. ह्या माणसाचं 'जाऊ दे की' मी सात वर्षं ऐकत होते.

मी ट्रे ठेवला आणि गप्प आत गेले. भ्यायले म्हणून नाही. मला आधी कागद हवा होता. बिलं करणारी बाई मी, मला तोंडी भांडण जमत नाही असं नाही, पण हातात कागद असला की जास्त चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून टेलिफोन ऑफिसात गेले. कुठल्या नंबरला किती बोललं ह्याची यादी मागितली. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, फोन तुमच्या नावावर आहे का? नाही म्हटल्यावर म्हणाले, मग ज्यांच्या नावावर आहे त्यांचा अर्ज आणा. मी तिथंच बाकावर बसून आण्णांच्या वतीनं अर्ज लिहिला, आणि संध्याकाळी शेजारी सोप्यात बसलेत हे बघून तो आण्णांच्या पुढं धरला.

"सही करा आण्णा. माझी चोरी हाय न्हवं? मग ती लेखी निघू दे की."

चार माणसांसमोर नाही कसं म्हणतील? केली सही, चांगली लांबलचक, खाली दोन टिंबं देऊन.

आठ-दहा दिवसांनी यादी मिळाली. मी ती दुकानात बसून वाचली नाही, पर्समध्ये घडी करून घरी आणली. जेवायला बसल्यावर भाकरी वाढली, आमटी वाढली, आणि मग मोठ्यानं वाचायला लागले. कोडोली, अठरा वेळा, सगळे मिळून जेवढे झाले तेवढ्यात तालमीला पाजलेल्या चहाची पत्तीसुद्धा आली नसती. आणि तो दुसरा नंबर, त्रेसष्ट वेळा. एकेक ओळ वाचली. वेळ, मिनिटं, रुपये. ब्राझीलची सेमीफायनल होती त्या दिवसाच्या सात ओळी. आण्णांनी घास थांबवला नाही. सगळं वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, त्याला कोड कुठं हाय? मी दोन्ही जातीचे नंबर परत समजावून सांगितले, शाळेत पोरांना सांगावं तसे. ह्या खेपेला त्यांना कळलं. कळल्याचं मला त्यांच्या कानांवरून दिसलं, लाल झाले होते. मी वाट बघत बसले. एक शब्द म्हणाले असते, चुकलं म्हणाले नसते, नुसतं 'बरं' म्हणाले असते, तर मी तिथंच सगळं सोडून दिलं असतं, शप्पथ.

पण सुंभ जळला तरी पीळ जातोय होय? त्यांनी हात धुतला, माझ्या हातातला कागद घेतला, घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि म्हणाले, "फोन माझ्या नावावर हाय. कोडोली बंद म्हंजे बंद."

"बरं," मी म्हणाले. "मग मी माझ्या नावावर फोन घेते."

नवऱ्याच्या हातातला घास ताटात पडला. आण्णा हसले. एका घरात दोन फोन म्हणजे त्यांना एका म्हशीला दोन दावी वाटली असणार.

त्या महिन्याचा पगार मी त्यांच्या हातात दिला नाही. बँकेत माझ्या नावाचं खातं काढलं आणि त्यात टाकला. आण्णांनी रात्री हात पुढं केला, मी पासबुक दाखवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी मीठ मागितलं.

आता फोन कुठला घ्यायचा? तोवर टेलिफोन ऑफिसच्या जोडीला बिनतारी फोन विकणारी एक खाजगी कंपनी आली होती, आणि पेपरात रोज एक नवीन पत्रक पडायचं. मी ती सगळी जमवली. कॅलेंडरचं मागचं पान काढून त्याच्यावर चार रकाने आखले. भाडं किती, फुकट कॉल किती, फुकटचे संपले की पुढं किती, आणि सगळ्यात शेवटी एका वेगळ्या रकान्यात, कोडोली किती. दुकानातली माणसं माझी थट्टा करायची. मालक म्हणायचे, मुलगी बघायला आल्यासारखी पत्रकं बघायलीय. म्हटलं, माझ्यासाठी मुलगा बघताना कुणी एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

खाजगी कंपनीचा एक विक्रेता टाय लावून दुकानात आला. मॅडम, तीनशे कॉल फ्री. मी विचारलं, कोडोलीच्या दूध संस्थेला लावला तर मिनिटाला किती? तो म्हणाला, मॅडम, पुणे-मुंबई अगदी लोकलच्या भावात. मी म्हणाले, पुण्यामुंबईत माझं कुणी नाही, कोडोलीला किती? मग तो म्हणाला, आमच्या फोनवरून आमच्या फोनवर अख्खा महिना फुकट. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं बॅगेतनं एक बारीक अक्षरांचं पुस्तक काढलं, बोट फिरवत फिरवत खाली आला, आणि पडेल आवाजात आकडा सांगितला. सगळ्यांत महाग पट्टी. ज्या ज्या ठिकाणी माझं कुणीही नाही तिथं सगळं फुकट, आणि जिथं माझी आई उभी राहते तिथं दुप्पट. मी त्याला चहा पाजला आणि लावून दिला.

टेलिफोन ऑफिसात फुकट कॉल कमी होते, पण जवळच्या गावांना शून्याच्या जागी पंच्याण्णव लावायचं आणि स्वस्तात बोलायचं, अशी सोय नुकती आलेली होती. कोडोली त्यात बसत होती. भाड्याला दहा-वीस रुपये जास्त, पण कोडोलीला कमी. तेच ठरवलं. फॉर्म भरताना खिडकीतले तेच साहेब म्हणाले, इथं मिस्टरांची सही आणा. मी विचारलं, बिल कोण भरणार? म्हणाले, तुम्ही भरणार म्हणताय. म्हटलं, मग सही कुणाची पाहिजे? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि फॉर्म आत घेतला. पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचं पासबुक चाललं. जाता जाता मी त्यांना सांगितलं की माझ्या फोनवरनं ते टीव्हीवाले महागडे नंबर लागणार नाहीत अशी व्यवस्था करा. साहेब हसले. लोक आधी बिल घेऊन येतात आणि मग हे सांगतात, म्हणाले.

लाईनमन आला त्या दिवशी आण्णा सोप्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. माझ्या सोप्यात दुसरी वायर येणार नाही म्हणाले. लाईनमन बिचारा माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला म्हणाले, पावणं, मागनं या की. न्हाणीच्या पत्र्यावरून वायर आली, खिडकीच्या गजातून आत शिरली, आणि फोन बसला स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी. आण्णा पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले आणि म्हणाले, एका घरात दोन फोन, लोक हसतील.

"हसू देत की," मी म्हणाले. "हसायचं बिल येत न्हाय."

पहिल्या रविवारी मी स्वतःच्या फोनवरनं कोडोली लावली. कुलूप नाही, घड्याळ नाही, समोर कुणी नाही. आईला बोलवा म्हटलं, दहा मिनिटांनी परत लावला. बरी हायस न्हवं? बरी हाय, तू? बरं हाय की. म्हैस बरी हाय. पाठीमागनं किटल्यांचा आवाज. मी म्हटलं, आणि काय? ती म्हणाली, आणि काय असणार? दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी माझा असा संताप झाला की काय सांगू. सासऱ्याशी भांडले, पगार अडवला, कॅलेंडर फाडलं, पत्र्यावरून वायर ओढली, आणि भाडं कशाचं भरतेय तर 'बरं हाय की'चं! माझ्याकडचं कुलूप निघालं होतं, पण आईच्या पाठीमागची रांग तशीच होती.

मी तिला म्हणाले, "आई, ऐक. ह्यो फोन माझा हाय. माझ्या नावावर. सासऱ्याचा न्हाय. नंबर लिहून घे."

संस्थेतल्या क्लार्कनं तो तिच्या दुधाच्या पावतीमागं लिहून दिला. ती नुसतं "बरं" म्हणाली. मी म्हटलं, गेलं वाया.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली असेल. मी त्या दिवशी सुट्टी घेऊन भाजणी भाजत बसले होते, आणि दुपारच्या वेळी फोन वाजला. त्या फोनला तोवर कुणी फोन केलाच नव्हता. घंटी कशी आहे तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आधी वाटलं कुल्फीवाला आला. उचलला तर एक माणूस म्हणाला, कोडोलीतनं एसटीडी बूथवरनं बोलतोय, धरा. मग दार लावल्याचा आवाज आला, आणि मग आई. ओरडत होती. तिला वाटत होतं लांबच्या फोनला मोठ्यानं बोलायला लागतं.

"तूच हायस न्हवं? तुझ्याच फोनवर?"

"व्हय आई, मीच."

"कोण ऐकत न्हाय न्हवं?"

मी गॅस बंद केला. म्हटलं, कुणी न्हाय. आण्णा तालमीकडं गेल्यात.

मग म्हणाली, "मी पाडव्याला वायली निघाली. चूल वायली केल्या. सात म्हयनं झालं."

वायली, म्हणजे भावापासून वेगळी. सात महिने. म्हणजे वर्ल्ड कपच्या आधीपासून, त्या सगळ्या रविवारी, संस्थेच्या काउंटरला उभी राहून ही बाई मला म्हशीचं सांगत होती, आणि घरी जाऊन एकटीची भाकरी थापत होती. मला भावाचा असा राग आला की मी तावातावानं म्हणाले, उद्याच्या पहिल्या गाडीनं येते, बघतेच त्याच्याकडं, आईला घराबाहेर काढतो म्हणजे काय?

"त्यानं कुठं काढलं?" आई म्हणाली. "मीच निघाली. म्हस माझी, दुधाचं पैसं त्यो उचलणार, आणि मी त्याच्याकडं चहा-पत्तीला हात पसरायचा? म्हटलं, दूध माझ्या नावावर घालीन. गोठ्याकडंची खोली घेतली, चूल मांडली. झ्याक चाललंय माझं. भांडाय येऊ नगंस, माझं भांडून झालंय."

मी विचारलं, मग मला का गं नाही सांगितलंस? इतके दिवस?

"कुठनं सांगू? तुझ्या सासऱ्याच्या कानावर गेलं असतं. तुझी आई घर फोडून बसल्या म्हणून तुला उठता-बसता बोल लावला असता त्यांनी. तुझं तिथं काय चाललंय ते मला ठावं न्हाय होय? तुझ्या 'बरी हाय'वरनं मला कळतंय सगळं."

मला रडू आलं आणि हसूही आलं, एकदम. मी इकडं ज्या महिन्यात बँकेत खातं काढून आण्णांना पासबुक दाखवत होते, त्या महिन्यात माझी अडाणी आई संस्थेत स्वतःच्या नावाचं दूध घालत होती. मला वाटत होतं मी एकटीच लढतेय. मला एवढा अभिमान माझ्या पदवीचासुद्धा कधी वाटला नव्हता, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती, की हे मला तिच्या आवाजावरून कळायला हवं होतं.

मग मला भानावर येऊन आठवलं की बूथवर मीटर पळतोय. म्हटलं, आई, तू ठेव. बूथचा नंबर विचारून सांग, मी इकडनं लावते, मला स्वस्त पडतं.

"न्हाय," ती म्हणाली. "आज माझं पैसं जाऊ देत. माझ्या म्हशीचं हायत. आता तू सांग. सर्दी म्हणाली हुतीस ते काय हुतं?"

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिनं ती मनात धरून ठेवली होती.

मी सांगितलं. पहिल्या दिवसापासून सांगितलं. मधे एकदा बूथवाल्यानं काचेवर टकटक केली, ते मला ऐकू आलं, आणि आई त्याला केवढ्यांदा तरी ओरडली की थांब की जरा, माझी लेक बोलायल्या. मीटर किती झाला ते मी तिला कितीदा विचारलं, तिनं आजपर्यंत मला सांगितलेलं नाही.